सहा भोकांची शिट्टी

मुलांनो, खरं खरं सांगा. "तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव," असं तुमच्यापैकी कितीजणांना कोणी म्हटलं आहे? करा पाहू हात वर! लाजू नका. पहिला हात माझाच आहे.

मी चौथीत होते. पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तयारी चालली होती. आमच्या बाई रांगेतून फिरत प्रत्येकीच्या तोंडाशी कान नेत होत्या. माझ्यापाशी आल्या, थांबल्या, पुन्हा एकदा ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव हं." बाई काही वाईट नव्हत्या. गाणं चांगलं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्या दिवसापासून मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं, की संगीत हे काही आपलं काम नाही. पुढे डी. एड. ला असताना बालगीतांचा तास आला की मी हार्मोनियमपासून सगळ्यात लांबच्या बाकावर बसायची. शिक्षिका झाले तेव्हाही वर्गात कविता मी वाचून दाखवायची, चालीवर म्हणायची नाही.

आता 2022 सालची एक गोष्ट सांगते. आमच्या गावची जत्रा झाली आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने दप्तरातून बासरी काढली. बासरी कसली, पावाच तो! तोंडाशी शिट्टीसारखी फट आणि वर सहा भोकं. मधली सुट्टी झाली की हा पठ्ठ्या सुरू! सूर म्हणाल तर एकही धड नाही. नुसती पीऽऽ पीऽऽ! तिसऱ्या दिवशी सगळी मुलं तक्रार घेऊन आली, "बाई, ह्याला सांगा ना, डोकं दुखतं आमचं." मी उठले, पावा काढून घेतला आणि टेबलाच्या खणात ठेवला. "अरे, तुला नाही जमायचं हे," हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात माझं त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवणाऱ्या मुलीचा तो चेहरा होता!

मी गप्प बसले. शाळा सुटताना त्याला म्हटलं, "उद्या परत देते. आज रात्री मीच बघते, हे कसं वाजवतात ते."

रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर शोधायला बसले. सहा भोकांचं वाद्य, समोरून फुंकायचं, असं शोधता शोधता मी कुठल्या कुठे पोचले! समोर आली पत्र्याची एक बारीकशी नळी. तिलाही सहाच भोकं आणि तोंडाशी तशीच फट. नाव 'टिन व्हिसल', म्हणजे सरळ सरळ पत्र्याची शिट्टी. 1843 साली रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज कारागिराने अशा स्वस्त शिट्ट्या बनवून विकायला सुरुवात केली आणि त्या गोरगरिबांच्या हाती पोचल्या. पण मुलांनो, त्या एवढ्याशा नळीतून जे सूर निघत होते ना! एखादी खार झाडावर सरसर चढावी, फांदीवरून फांदीवर उडी मारावी आणि पुन्हा खाली यावी, तशी ती चाल पळत होती. मी तीच चाल चार वेळा ऐकली. आणि मग मला एक कार्यक्रम सापडला. त्याचं नाव 'आयरिश अँड केल्टिक म्युझिक पॉडकास्ट'.

पॉडकास्ट म्हणजे काय, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. रेडिओवरचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. आपण उशिरा आलो तर तो निघून गेलेला असतो. पॉडकास्ट मात्र आपली वाट बघत थांबतो. मोबाइलवर हवा तेव्हा लावा, हवा तेव्हा थांबवा. हा कार्यक्रम मार्क गन नावाचे एक अमेरिकन गायक-वादक चालवतात. त्यांनी तो 2005 साली सुरू केला आणि 2025 साली त्याला चक्क वीस वर्षं पूर्ण झाली! सहाशेहून जास्त भाग झाले आहेत. फार मोठ्या कंपन्यांचे गाजलेले कलाकार नव्हेत, तर स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणारे लहान-मोठे वादक ते ऐकवतात. प्रत्येक गाणं कोणाचं हे आवर्जून सांगतात, आवडलं तर त्या कलाकाराला मदत करा, असंही म्हणतात. ऐकणारे आपापली आवडती गाणी निवडून कळवतात आणि त्यांतून वर्षाची सर्वांत आवडती वीस गाणी ठरतात.

मी मराठी माध्यमात शिकलेली. पहिल्या दिवशी त्यांचं इंग्रजी मला निम्मंसुद्धा कळलं नाही. पण वाद्यांना कुठे इंग्रजी येत असतं? मी रोज शाळेत जाते ती एसटीने. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. तेव्हापासून या प्रवासात मी रोज हा कार्यक्रम ऐकू लागले. बाहेर उसाचे फड आणि कानात अटलांटिक महासागराचा वारा!

आता 'केल्टिक' म्हणजे काय? नकाशा काढा. युरोपच्या पश्चिम टोकाला बोट ठेवा. आयर्लंड सापडलं? मग त्याच्या शेजारचं स्कॉटलंड, वेल्स, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं कॉर्नवॉल, समुद्रातलं छोटंसं आइल ऑफ मॅन आणि फ्रान्सचं पश्चिमेकडचं टोक ब्रिटनी. या सहा प्रदेशांत केल्टिक कुळातल्या भाषा बोलल्या जात, काही ठिकाणी आजही बोलल्या जातात. आपली मराठी, गुजराती, बंगाली जशा बहिणी-बहिणी, तशाच त्या. म्हणून या सगळ्यांच्या संगीताला मिळून केल्टिक संगीत म्हणतात. पण हं, बहिणी झाल्या तरी स्वभाव वेगळे! आयर्लंडची चाल आणि ब्रिटनीची चाल अगदी निराळी वाटते. आणखी एक गंमत सांगते. या शब्दाचा उच्चार 'केल्टिक', पण स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात याच नावाचा जो प्रसिद्ध फुटबॉल संघ आहे, त्याला मात्र 'सेल्टिक' म्हणतात!

हळूहळू मला वाद्यं ओळखू येऊ लागली. 'बौरान' नावाचं एक चर्मवाद्य आहे. लाकडी कड्यावर एका बाजूने बकरीचं कातडं ताणून बसवलेलं, अगदी आपल्या डफासारखं. फक्त ते छोट्याशा काठीने वाजवतात. 'इलन पाइप्स' ही आयर्लंडची खास बॅगपाइप. 'इलन' म्हणजे त्यांच्या भाषेत कोपर! वादक खुर्चीवर बसतो, एका कोपराखाली लहानसा भाता बांधतो आणि हात हलवून हवा भरतो. तोंडाने फुंकायचं कामच नाही. स्कॉटलंडची मोठी बॅगपाइप मात्र फुंकून, उभ्याने वाजवतात. ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. आपल्या सैन्याच्या बँडमध्येही ती असते. ती ब्रिटिशांच्या काळात इकडे आली. उत्तराखंडात तर तिला 'मशकबीन' म्हणतात आणि लग्नाच्या वरातीत वाजवतात. या पाइप्सच्या काही नळ्यांतून एकच सूर सारखा चालू राहतो. आपल्याकडे सनईच्या साथीला एकजण नुसता सूर धरून बसतो ना, तसाच. आणि ब्रिटनीत तर सनईची सख्खी बहीणच आहे! तिचं नाव 'बोंबार्ड'. आवाज असा खणखणीत, की पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, बसमधल्या कोणाच्या तरी मोबाइलवर लग्नाचा बँडच वाजतोय.

तालाची गंमत तर तुम्ही आत्ता, बसल्या बसल्या करून बघू शकता. मांडीवर बोटांनी वाजवा : एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. एक आणि चारवर जरा जोर द्या. आता वेग वाढवा. झालं! ही 'जिग' नावाच्या नाचाची लय. आपला दादरा ताल सहा मात्रांचाच, तीन-तीनचे दोन भाग. चार-चारच्या ठोक्यांत पळणारी चाल असली, की तिला 'रील' म्हणतात. आणि तीन-तीनचे तीन, म्हणजे नऊ ठोके आले की ती 'स्लिप जिग'. मी वर्गात सहाचा पाढा म्हणताना जिगचा ठेका धरला, तर मुलांनी पाढा पाच वेळा म्हटला, न सांगता!

स्कॉटलंडमध्ये एक युक्ती होती. नाचायचं आहे, पण वाजवायला वाद्यच नाही. मग काय करायचं? तर तोंडानेच चाल म्हणायची, भराभर, लयीत. शब्दांना अर्थ असला तर असला, नसला तर नसला! आपले तबलजी तोंडाने बोल म्हणून दाखवतात ना, त्याचीच मला आठवण झाली.

पण मुलांनो, मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ती या संगीतामागची माणसं. तिघांच्या गोष्टी सांगते.

पहिला टर्लो ओ’कॅरोलन. जन्म 1670 सालचा. अठराव्या वर्षी त्याला देवी आल्या आणि त्यात त्याची दृष्टी गेली. एका भल्या बाईंनी त्याला हार्प शिकायची सोय करून दिली. हार्प म्हणजे त्रिकोणी चौकटीत उभ्या तारा लावलेलं वाद्य. आयर्लंडच्या नाण्यांवर आजही त्याचं चित्र असतं. शिकून झाल्यावर एक घोडा आणि एक वाटाड्या घेऊन हा आंधळा वादक घराबाहेर पडला आणि जवळजवळ पन्नास वर्षं गावोगाव फिरत राहिला. जो घरी ठेवून घेईल त्याच्या नावाने एक नवी चाल बांधायची! 1738 साली तो गेला. त्याच्या दोनशेच्या वर चाली आजही वाजवल्या जातात.

दुसरा एडवर्ड बंटिंग. हार्पवादकांची ही जुनी परंपरा नंतर संपत चालली. तेव्हा 1792 साली बेलफास्ट शहरात उरल्यासुरल्या हार्पवादकांना गोळा केलं गेलं. सगळ्या आयर्लंडमधून आले किती? अवघे दहा! त्यांतले बरेचसे अंध आणि म्हातारे. सर्वांत मोठे डेनिस हेम्पसन नव्वदीच्या पुढचे, वाढवलेल्या नखांनी तारा छेडणारे. त्यांच्या चाली उतरवून घ्यायचं काम ज्याच्याकडे दिलं तो बंटिंग होता फक्त एकोणीस वर्षांचा, म्हणजे तुमच्या ताई-दादाच्या वयाचा. पुढे त्याने खेड्यापाड्यांत हिंडून आणखी चाली जमवल्या आणि 1796 साली पहिलं पुस्तक छापलं. तो दहाजणांपुढे कागद घेऊन बसला नसता, तर त्या चाली त्या म्हाताऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

तिसरी गोष्ट माझी सर्वांत लाडकी. फ्रान्सिस ओ’नील. हा 1848 साली आयर्लंडमध्ये जन्मला. तो काळ फार वाईट होता. 1845 पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचं पोट बटाट्यावरच अवलंबून. सुमारे दहा लाख माणसं दुष्काळात मेली आणि त्याहून जास्त जहाजांत बसून परदेशी निघून गेली. बरोबर सामान थोडं, पण गाणी पुष्कळ. फ्रान्सिसही सोळाव्या वर्षी घर सोडून जहाजावर खलाशी झाला. पॅसिफिक महासागरात त्याचं जहाज फुटलं. एका बेटावर अडकलेल्या या खलाशांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं, पण तिथेही खायला अगदी मोजकं. त्या जहाजावर हवाई बेटांचा एक खलाशी होता, त्याच्याकडे बासरी होती. फ्रान्सिसने ती मागून घेऊन वाजवली. तो खलाशी इतका खूश झाला, की आपल्या ताटातलं जेवण त्याला देऊ लागला!

पुढे हाच फ्रान्सिस अमेरिकेत शिकागो शहरात पोलीस शिपाई झाला आणि 1901 साली तिथल्या पोलीस दलाचा प्रमुख. शिकागोत आयर्लंडच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माणसं होती. प्रत्येकाच्या डोक्यात आपल्या गावच्या चाली. ओ’नीलसाहेबांनी त्या जमवायचं मनावर घेतलं. अडचण एकच. ऐकलेली चाल त्यांच्या चांगली लक्षात राहायची, पण स्वरलिपीत लिहिता यायची नाही! मग ते चाल ऐकायचे, पाठ करायचे आणि जेम्स ओ’नील नावाच्या आपल्याच दलातल्या सहकाऱ्याला वाजवून किंवा गुणगुणून दाखवायचे. तो लिहून घ्यायचा. नुसतं आडनाव सारखं, बरं का! अशा रीतीने 1903 साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात चाली किती? 1850! पुढे आयर्लंडमधल्या वादकांनीसुद्धा आपल्याच चाली या पुस्तकातून शिकून घेतल्या.

ही गोष्ट मला कळली त्या दिवशी मी बसमध्ये विचार करत बसले. एक पोलीसवाला, स्वरलिपी लिहिता न येणारा. त्याच्याजवळ काय होतं? कान होते! आणि दुसऱ्याला सांगायची हौस होती. मग 'तुला गाता येत नाही' म्हणून संगीताने मला बाहेर काढलेलं नव्हतंच. मीच बाहेर जाऊन बसले होते.

आयर्लंडमध्ये संध्याकाळी वादक एका टेबलाभोवती गोल बसतात. त्याला 'सेशन' म्हणतात. समोर कागद नाही, व्यासपीठ नाही. एकजण चाल सुरू करतो, येत असेल तो सामील होतो. येत नसेल त्याने काय करायचं? ऐकायचं. पुढच्या वेळी थोडं जास्त येतं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी थोडं. चालीचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि सगळी चाल पुन्हा दोन-तीनदा फिरते. त्यामुळे नवख्याला ती पकडायला वेळ मिळतो.

मी ते त्या मुलाला सांगितलं. पावा त्याला दुसऱ्याच दिवशी परत दिला होता. आम्ही दोघांनी ठरवलं, की मधल्या सुट्टीची शेवटची दहा मिनिटं चिंचेखाली बसायचं. आधी चाल ऐकायची, मग तोंडाने 'ला ला' म्हणायची, मग वाजवायची. मी जत्रेतला दुसरा पावा आणला. माझी बोटं भोकांवर नीट बसायला दोन आठवडे लागले, त्याची चार दिवसांत बसली! मुलं हसायची. "बाई, तुमचा चुकला!" मी म्हणायची, "चुकला तर चुकला, परत घेऊ." हळूहळू हसणारेही येऊन बसायला लागले. एकीने डबा वाजवून ठेका धरला. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक जिग वाजवली. दोन ठिकाणी चुकलो, पण थांबलो नाही. त्या वर्षीपासून आमच्या समूहगीतात कोणालाही 'नुसते ओठ हलव' असं सांगितलं जात नाही. बाईसुद्धा गातात. थोड्या बेसूर गातात, पण गातात!

आणखी एक झालं. माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. जातं कधीच परसात जाऊन पडलं, पण ओव्या तोंडपाठ आहेत. इतकी वर्षं मला वाटायचं, कोणी तरी जाणकार माणूस येऊन त्या लिहून घेईल. एका रविवारी मी त्यांच्यापुढे मोबाइल ठेवला आणि म्हटलं, "आई, म्हणा ना." त्या आधी "काहीतरीच तुझं!" म्हणाल्या. मग सुरू झाल्या, ते चुलीवरचं दूध उतू गेलं तरी थांबल्या नाहीत! आतापर्यंत त्रेचाळीस ओव्या जमल्या आहेत. 1850 व्हायला बराच वेळ आहे.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलांच्या हाती मोबाइल देऊन मोकळे होऊ नका. हे संगीत ऐकायला पडद्याकडे बघावं लागत नाही. फोन पालथा ठेवा, आवाज मोठा करा आणि त्यांच्याबरोबर बसा. या गाण्यांत काही लढायांची असतात, काही दारूचीही असतात, म्हणून शब्द असलेलं गाणं आधी तुम्ही ऐका. नुसत्या वाद्यांच्या चाली मात्र बिनधास्त लावा. आणि पोराने पहिल्याच दिवशी कर्णकटू पीऽऽ पीऽऽ केलं, तर थोडं सोसा.

मुलांनो, तुम्ही एवढंच करा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, "तुम्हाला लहानपणचं एखादं गाणं येतं का?" आजोबांना येईल, मामीला येईल, शेजारच्या काकूंना येईल. पूर्ण ऐका. मग त्यांच्याबरोबर म्हणा. आवाज कसा का असेना!

तो मुलगा आता मोठ्या शाळेत जातो. परवा एसटी स्टँडवर भेटला. उंच झालाय, आवाज फुटायला लागलाय. मला बघून धावत आला आणि म्हणाला, "बाई, ती आयर्लंडची चाल मी माझ्या धाकट्या बहिणीला शिकवली. पण ती फार पीऽऽ पीऽऽ करते."

"मग तू काय म्हणालास तिला?" मी विचारलं.

"म्हटलं, चुकलं तर चुकलं. परत घेऊ."